हं हं हं, असं काहीतरी आहे बघा मॅडम

मागच्या श्रावणातली गोष्ट. दुपारचे दोन वाजलेले, म्हणजे पेपर वाचायला येणारे आजोबा लोक जेवायला घरी गेलेले आणि अभ्यासिकेतली स्पर्धा परीक्षावाली पोरं टेबलावर डोकं टेकून झोपलेली, अशा वेळी एक काका काउंटरला आले. चपला दाराबाहेर काढून आले होते, म्हणजे लायब्ररीत पहिल्यांदाच येत होते. म्हणाले, "गाण्याचं तुम्हीच बघता न्हवं मॅडम? एक गाणं पाहिजे होतं." म्हटलं कोणतं? तर म्हणाले, "ते ओ... हं हंहं हं, हं हंऽऽ हं."

शब्द? आठवत नाहीत. म्हटलंय कुणी? "बाई असंल. नाहीतर बुवा." सिनेमातलं का नाटकातलं? "रेडिओला लागायचं बघा, आई भाकरी थापत असायची आणि मी चुलीपुढं बसलेला."

मी मोबाईलचा रेकॉर्डर लावला आणि म्हटलं, परत एकदा म्हणा काका, जरा मोठ्यानं. काकांनी घसा खाकरला आणि खरंच मोठ्यानं म्हटलं. अभ्यासिकेतली चार डोकी वर झाली.

तर माझी नोकरी ही अशी आहे. सार्वजनिक वाचनालयात संगीत विभाग बघते असं सांगितलं की लोकांचे दोन समज होतात, एक म्हणजे मी गात असणार (नाही गात, शाळेत प्रार्थनेला बाईंनी "तू नुसते ओठ हलव" असं सांगितलेलं आहे) आणि दुसरा म्हणजे मला दिवसभर काही काम नसणार, रेकॉर्ड लावून बसत असेल. पगाराचं कुणी विचारत नाही ते बरंय. सार्वजनिक ग्रंथालयातल्या पगाराविषयी बोलायला घेतलं तर वेगळीच पोस्ट होईल आणि ती मी रागात लिहीन.

आमचं गाव कृष्णेकडचं, एसटीनं मिरज अर्ध्या तासावर. वाचनालय शंभरी ओलांडलेलं, दगडी जोत्यावरचं, पुढं अभ्यासिका आणि मागं कादंबऱ्यांची कपाटं. मी लागले २०११ ला, तेव्हा संगीत विभाग नावाचं काही नव्हतं, ललित कला असं लिहिलेलं एक अर्ध कपाट होतं, त्यात रांगोळीची पुस्तकं, दोन हार्मोनियम शिका टाइपची पुस्तकं आणि संगीतशास्त्रवाल्या भातखंडेंच्या क्रमिक पुस्तक मालिकेचे सहातले चार भाग, तेही वेगवेगळ्या आवृत्त्यांचे. मग २०१३ मध्ये गावातले एक जुने वकील वारले आणि घरच्यांनी निरोप पाठवला की आबांचा संग्रह वाचनालयाला द्यायचा आहे. संचालक मंडळाला वाटलं पुस्तकं, कायद्याची असली तर विकता येतील. टेम्पो आला त्यात रेकॉर्डच रेकॉर्ड. ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) लाखेच्या, एलपी, ईपी, बुटांच्या खोक्यांतून कॅसेट, आणि तळाला संगीत नाटकांची जुनी पुस्तकं. वकीलसाहेब दावे लढताना अशिलाकडून फीऐवजी रेकॉर्ड घ्यायचे असं गावात बोलतात, खरं-खोटं देव जाणे.

मंडळाचं म्हणणं होतं भंगारवाल्याला विचारू. मी नवीन होते, तोंड उघडायची पद्धत नव्हती, पण म्हटलं आधी दाखल करून घेऊ आणि मग काय ते ठरवा. एकदा का दाखल क्रमांक पडला की वस्तू बाहेर काढायला ठराव लागतो, निर्लेखन करावं लागतं, आणि ठरावाचा कंटाळा सगळ्यांनाच असतो. माझी ग्रंथपाल म्हणून एकुलती एक हुशारी तीच.

आता दाखल रजिस्टरचे रकाने बघा. लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष, पृष्ठे, किंमत. रेकॉर्डचा लेखक कोण? गाणारा, चाल लावणारा का शब्द लिहिणारा? शीर्षक काय, दोन बाजूंना दोन गाणी असतात. पृष्ठे किती? मी पृष्ठांच्या रकान्यात "बाजू २" असं लिहीत गेले, तीनशेच्या वर नोंदी तशा आहेत, तपासणीला आलेल्या साहेबांनी चष्मा काढून परत घातला आणि काहीच बोलले नाहीत. राज्याचा ग्रंथालय कायदा १९६७ चा, अ ब क ड वर्ग आणि त्यावर अनुदान, आणि तपासणीत सगळं पुस्तकांच्या नि सभासदांच्या आकड्यावर. गाण्याला त्यात जागा शोधावी लागते.

वर्गीकरणाचीही मजाच. आमच्याकडं ड्युई चालतं, म्हणजे विषयाला आकडा द्यायची पद्धत. त्यात संगीत ७८० ला सुरू होतं. ७८६ मध्ये बोटांनी पट्ट्या दाबायची वाद्यं आणि बडवायची वाद्यं दोन्ही येतात, ७८७ तंतुवाद्यं, ७८८ फुंकायची. म्हणजे पेटी चर्चमधल्या ऑर्गनच्या पंगतीला, तबला त्याच आकड्यात पुढं, आणि तानपुरा पलीकडच्या फळीवर. ड्युईसाहेबानं आपली मैफल कधी ऐकली नसणार पण पेटीवाला आणि तबलजी नकळत शेजारी बसवले, एवढं पुण्य त्याच्या नावावर. संगीत नाटकांचं मात्र दुखणंच होतं. पुस्तक नाटक म्हणून मराठी साहित्यात, ८९१.४६२, आणि त्यातल्या पदांची स्वरलिपी संगीतात. एकच माणूस सौभद्र मागायला आला तर त्याला दोन खोल्यांत पळवायचं. मी शेवटी नियम मोडून सगळी संगीत नाटकं माझ्या खोलीत आणली. बीलिबच्या, म्हणजे ग्रंथालयशास्त्राच्या पदवीच्या, सरांना कळू नये.

पण ही जुनी पुस्तकं हाताळताना एक गोष्ट लक्षात आली आणि तिथून माझं काम खऱ्या अर्थानं सुरू झालं असं म्हणायला हरकत नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांचं शाकुंतल १८८० चं, सौभद्र १८८२ चं. त्या काळातल्या नाटकांच्या पुस्तकांत प्रत्येक पदाच्या डोक्यावर कंसात छापलेलं असतं, चाल अमुक. म्हणजे हे पद त्या तमुक गाण्याच्या चालीवर म्हणा. कधी एखादं लोकांच्या तोंडी असलेलं पद, कधी लावणी, कधी कानडी नाटकातली चाल, कधी नुसतंच साकी किंवा दिंडी, म्हणजे पद्याचा ठरलेला प्रकार. वाचकाला राग माहीत असेल असं धरलेलंच नाही, चाल माहीत असेल असं धरलंय. १४० वर्षांपूर्वी त्या छापणाऱ्यांना जे कळलं होतं ते आमच्या लायब्ररी सायन्सच्या दोन वर्षांत मला कुणी सांगितलं नाही, की गाणं शोधत येणारा माणूस नाव घेऊन येत नाही, चाल घेऊन येतो. पुस्तकाला शीर्षक असतं, लेखक असतो, अगदी काही नाही तर "लाल कव्हरचं होतं ओ" असतं. गाण्याला हं हं हं असतं.

मग मी एक्सेलची फाइल केली. लायब्ररीच्या सॉफ्टवेअरमध्ये रागाला रकाना नाही, पहिल्या ओळीला नाही, चालीला तर नाहीच. माझ्या फाइलमध्ये आहेत: पहिली ओळ, अंतरा (कारण लोक अंतऱ्यापासूनच आठवतात), राग, ताल, कोणत्या चालीवर, कुणी कुणी म्हटलंय, पट्टी (म्हणजे गाणाऱ्याचा सा पेटीवर कुठं लागतो ते), रेकॉर्डचा नंबर, आणि शेवटचा रकाना "लोक काय म्हणून मागतात". तो शेवटचा रकाना माझा सगळ्यात लाडका. "नाथ हा माझा" च्या पुढं त्यात लिहिलंय: यमन शिकवताना बुवा म्हणतात ते. "नच सुंदरी करू कोपा" पुढं: बायकोचं भांडण झालं की वडील म्हणायचे ते. असं विचारणारी माणसं खरंच येतात, आणि एकानं एका नावानं मागितलेलं गाणं सहा महिन्यांनी दुसरा त्याच नावानं मागतो.

लेखकांच्या नावांचा घोळ तर विचारूच नका. भातखंडे, विष्णू नारायण, जन्म १८६०, आपल्या वाळकेश्वरचे. या माणसानं कुठं चतुर पंडित, कुठं विष्णू शर्मा अशी नावं घेऊन लिहिलंय. माझ्या आधीच्या कुणीतरी, नाव नको, रागांवरचं एक बारीकसं संस्कृत पुस्तक लेखकाच्या नावावरून नेऊन ठेवलं होतं बालविभागात, पंचतंत्राला चिकटून. कारण विष्णू शर्मा! मला ते सिंह-ससा आणि माकड-मगर यांच्यामधे सापडलं, शेवटच्या पानावरच्या तारखेच्या चिठ्ठीवर एकही शिक्का नव्हता. कुठल्याही पोरानं ते नेलं नव्हतं यात पोरांची चूक नाही.

यातून गंमत वाटते पण एका टिंबानं मला खरंच अडचणीत आणलं होतं. स्वरलिपीच्या आपल्याकडं दोन पद्धती, एक भातखंडेंची, एक विष्णू दिगंबर पलुसकरांची, आणि दोघांची टिंबं एकमेकांच्या उलट. भातखंडे पद्धतीत स्वराच्या खाली टिंब म्हणजे मंद्र, खालचं सप्तक, वर टिंब म्हणजे तार, वरचं. पलुसकर पद्धतीत टिंब वर असेल तर मंद्र, आणि तार दाखवायला डोक्यावर उभी रेघ. गाण्याच्या मध्यमा परीक्षेला बसलेली एक मुलगी, क्लासमध्ये भातखंडे शिकलेली, माझ्याकडून पलुसकर पद्धतीचं एक जुनं पुस्तक घेऊन गेली आणि आठवडाभर घरी खालचे सगळे स्वर वर म्हणून रियाज केला. तिच्या गुरुजींचा फोन आला, "ताई, पोरगी किंचाळायला लागलीय, कुठलं पुस्तक दिलंत?" तेव्हापासून पलुसकर पद्धतीच्या प्रत्येक पुस्तकाच्या आत मी लाल शाईनं चिठ्ठी चिकटवते, टिंब वर = आवाज खाली. शिवाय जुनी पुस्तकं बाइंडिंगला दिली की बाइंडर कडा समान करायला वरून एक पातळ पट्टी कापतो, आणि पानाच्या पहिल्या ओळीची टिंबं त्या पट्टीबरोबर जातात. कादंबरीची वरची कड कापली तर कुणाचं काय जातं, इथं अख्खं सप्तक बदलतं. मी आता बायंडरकडं स्वतः जाऊन उभी राहते.

परीक्षांवरून आठवलं, आमच्या या भागात गांधर्वच्या परीक्षांचं वेड जरा जास्तच आहे कारण अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचं मिरजेशी जुनं नातं, घरटी एक पोर प्रारंभिकला नाहीतर प्रवेशिकेला बसलेलं असतं. परीक्षा तोंडावर आली की आया येतात, पोरं नाही. "मॅडम, यमन, भूप, दुर्गा यांची माहिती एका पानात येईल असं काही आहे का, झेरॉक्स मारून घेते." मला खरं तर म्हणावंसं वाटतं, ताई, दुर्गा ऐकवा हो तिला आधी, इथं हेडफोन आहेत दोन, दहा मिनिटं बसवा. कधी कधी म्हणतेही. दहातली एक आई बसवते.

बाकी येणारे म्हणजे भजनी मंडळाच्या काकू, त्यांना नवीन भजनं हवी असतात पण चाल ओळखीची पाहिजे, म्हणजे परत तेच, चाल अमुक. कीर्तनकार येतात, आर्या आणि साकी कशी म्हणायची ते ऐकायला. वरातीचा बँडवाला एकदा आला होता. आणि एकदा मिरजेहून एक तरुण कारागीर आला, तंतुवाद्यं बनवणाऱ्या घरातला. (मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला, तेव्हा आमच्याकडं पेढे आले होते.) त्याला गाणं नको होतं. त्याला एका एलपीच्या कव्हरवरचा फोटो बघायचा होता, गायकाच्या मागं जे दोन तानपुरे दिसतात त्यांचा भोपळा केवढा, गळ्याजवळ पानं कशी कोरलीत, ते. भिंग घेऊन तासभर बसला, मोजपट्टीनं फोटो मोजला, भोपळे पंढरपूरकडून येतात आणि आता मोठा भोपळा मिळत नाही हे मला समजावून सांगितलं. रेकॉर्ड कव्हरमधून बाहेर काढलीसुद्धा नाही. ग्रंथालयशास्त्रवाल्या रंगनाथनांचा नियम आहे प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, १९३१ चा. रेकॉर्डच्या पुठ्ठ्यालाही असतो म्हणायचं.

आता दोन वाईट गोष्टी सांगते, म्हणजे चांगुलपणाचा आव आणल्यासारखं होणार नाही.

पहिली २०१९ च्या पावसातली. सांगलीला पुरानं काय केलं ते सगळ्यांनी बघितलं, आम्ही उंचावर म्हणून पूर आला नाही, पण आठ दिवस सलग झड लागली आणि माझ्या खोलीचं छत कोपऱ्यातून गळायला लागलं, रस्ते बंद, मी घरी. उघडल्यावर आले तर खालच्या कप्प्यातल्या चौदा ७८ च्या रेकॉर्ड ओल्या आणि त्यांची लेबलं गळून, एकमेकांना चिकटून, कागदाचा लगदा. रेकॉर्ड शाबूत, नाव गेलं. चौदा काळ्या थाळ्या. तेव्हा मी तिथंच खाली फरशीवर बसले होते हे कबूल करते.

मग कळलं की लेबलाच्या कडेला, लाखेतच, एक बारीक नंबर उमटवलेला असतो, रेकॉर्ड कापताना दिलेला. विजेरी तिरपी धरली की दिसतो. मायकेल किनियर नावाच्या एका ऑस्ट्रेलियन माणसानं भारतीय रेकॉर्डच्या नंबरांच्या याद्या करण्यात आयुष्यातली किती वर्षं घातलीत, आणि मुंबईत १९९० पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स म्हणून रेकॉर्डवेड्यांची संस्था आहे, अशा लोकांच्या जिवावर चौदातल्या नऊ लागल्या. चार ऐकून लागल्या. सगळ्यात जुन्या काळच्या रेकॉर्ड असत्या तर कामच नव्हतं, १९०२ ला कलकत्त्यात गौहर जान रेकॉर्डसाठी गायल्या तेव्हापासून कितीतरी कलाकार गाणं संपल्यावर स्वतःचं नाव सांगून मोकळे व्हायचे, कारण म्हणे मूळ मुद्रण रेकॉर्ड छापायला जर्मनीत हॅनोवरला जायचं आणि तिथल्या माणसांना कुणाचं काय हे कळायला हवं. १९०८ ला कलकत्त्यातच सियालदहला कारखाना निघाला, पुढं ही नाव सांगायची पद्धत मागं पडली. माझ्या चौदांत एकीनंही नाव सांगितलं नाही. एक अजून लागायची आहे. त्यावर मी पुढे येते. नाही, आत्ताच सांगून टाकते, एक बाई आहे, पट्टी साधारण काळी चार, राग पिलू, तीन मिनिटं दहा सेकंद, मधेच तबलजीला "हां" म्हणते. एक्सेलमध्ये नाव: हांवाली बाई.

बाई आहे हे तरी खात्रीनं का म्हणते, तर तेही एक प्रकरणच आहे. आमच्याकडं देणगीतला जो यूएसबी टर्नटेबल आहे त्याला ३३ आणि ४५ चेच वेग आहेत, ७८ नाही. मग रेकॉर्ड ४५ वर वाजवून कॉम्प्युटरमध्ये घ्यायची आणि ऑडॅसिटी नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये वेग वाढवून ७८ ला आणायची, सुई मात्र ७८ ची जाड लागते, एलपीची घातली तर खोबणीच्या तळाशी घासत जाते आणि नुसती खरखर. एकदा अध्यक्षसाहेब खोलीत आले तेव्हा मी अजून वेग वाढवलेला नव्हता, ४५ वरच चालू होतं. ते म्हणाले, "वा, काय खर्ज आहे, कोण बुवा हे?" त्या हिराबाई बडोदेकर होत्या. मी सांगितलं नाही त्यांना. आणि उलटंही होतं, गंगूबाई हनगलांची एलपी अगदी बरोबर वेगावर लावलेली असते तरी नवीन माणूस विचारतोच बुवा कोण. त्यात जुन्या संगीत नाटकात बायकांची पदं बाप्ये म्हणायचे. म्हणून काका "बाई असंल नाहीतर बुवा" म्हणाले तेव्हा मला हसू आलं नाही, तो अगदी शास्त्रशुद्ध संशय होता. पट्टीचा रकाना मी त्यासाठीच ठेवलाय, गाणं कुठल्याच पट्टीत नीट बसेना, पेटीच्या दोन सुरांच्या मधेच कुठंतरी लोंबकळायला लागलं की समजायचं वेग चुकलाय.

दुसरी वाईट गोष्ट २०२० ची. वाचनालय परत उघडायचं म्हणून वरून निरोप, सगळं सॅनिटाइझ करा. सगळं म्हणजे सगळं. मी नव्हते त्या दिवशी, आणि एका प्रामाणिक मुलानं खुर्च्या, टेबलं, दाराच्या कड्या पुसून झाल्यावर बाहेर काढून ठेवलेल्या सहा रेकॉर्डही सॅनिटायझरनं पुसल्या, मन लावून पुसल्या. दोन एलपी होत्या त्यांना काही झालं नाही. चार लाखेच्या होत्या. लाख स्पिरिटात विरघळते, आमच्या गल्लीतला सुतारसुद्धा सांगेल, चपडा लाख स्पिरिटमध्ये भिजवूनच तर तो पॉलिश करतो. चारी रेकॉर्ड वरून धुरकट झाल्या, आता वाजवल्या की गाण्यावर पाऊस पडतो. त्या मुलाला मी रागावले नाही, तो अगोदरच रडवेला झाला होता, आणि खोलीवर सूचना लावायचं काम माझं होतं ना. आता लावलीय. मोठी. लाखेच्या रेकॉर्डला स्पिरिट, सॅनिटायझर, कोलन वॉटर काही लावू नये, कोरडा मऊ ब्रश. कोलन वॉटर कशाला लिहिलं विचारू नका, तेही झालेलं आहे.

मंडळाच्या दर वार्षिक सभेत एक प्रश्न ठरलेला असतो, "यूट्यूबवर सगळं आहे की मॅडम, खोली कशाला अडवायची?" आहे, बरंच आहे, मी स्वतः दिवसातून वीस वेळा बघते. पण यूट्यूबला नाव टाकावं लागतं, आणि नाव तर नसतंच. शिवाय तिथं एकाचं गाणं दुसऱ्याच्या नावावर, फोटो तिसऱ्याचा, आणि खाली कमेंटमध्ये दोनशे लोक अप्रतिम म्हणतायत. पेटीला कोण, तबल्याला कोण हे ७८ च्या लेबलावर बहुधा नसायचंच, एलपीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात असतं, तो पुठ्ठा कुणी अपलोड करत नाही. पेनड्राइव्हवर भरून द्या म्हणणारेही येतात, त्यांना मी नाही म्हणते. ध्वनिमुद्रणाचा हक्क आपल्याकडं प्रकाशनानंतर ६० वर्षं, त्यापेक्षा जुनं असेल तर त्या मुद्रणापुरता तो संपला, पण शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा, तो ते लिहिणारा आणि चाल लावणारा गेल्यानंतर ६० वर्षं, हे काउंटरवर उभ्या उभ्या समजावण्यापेक्षा "इथं बसून ऐका, चहा सांगते" हे सोपं. चहाचं बिल माझं.

बरं, काकांचं हं हं हं.

आमचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, "चाल ओळखा". एक निवृत्त पीटीचे सर (यांना नाट्यपदं तोंडपाठ), एक कीर्तनकार, मिरजेचे एक तबलजी, नागपूरला दिलेली गावातली एक लेक, एमएसईबीतून रिटायर झालेले एक अण्णा जे गुड मॉर्निंगशिवाय काही टाकत नाहीत, आणि मी. रेकॉर्डिंग टाकलं. सरांनी पाच मिनिटांत सांगितलं भीमपलास, नाट्यपद आहे, आठवून सांगतो. कीर्तनकार म्हणाले भीमपलास कसला, हा काफीतला अभंग, आमचे वडील म्हणायचे. तबलजी म्हणाले राग सोडा, ताल केरवा आहे आणि अभंगाची ही चाल नव्हे. नागपूरच्या ताईंनी काकांचाच आवाज छान आहे म्हणून अंगठा दिला. दोन दिवस सर आणि कीर्तनकार कोमल गंधारावरून भांडले. मी नाटकांची पुस्तकं काढली, चार संध्याकाळी "चाल अमुक" च्या कंसांवरून बोट फिरवत बसले, दोन रेकॉर्ड लावून बघितल्या, जवळ जायचं आणि निसटायचं. वाचकाचा वेळ वाचवा हाही रंगनाथनांचाच नियम, चौथा. मला अकरा दिवस लागत होते.

अकराव्या दिवशी सकाळी सहाला, गुड मॉर्निंगच्या गुलाबाखाली, अण्णांनी लिहिलं: अहो ही दंतमंजनाची जाहिरात आहे. रेडिओ सिलोनला लागायची.

आणि होती. सरांनी लगेच कबूल केलं, कीर्तनकारांनी तीन दिवस ग्रुपवर काही टाकलं नाही.

काकांना फोन करून बोलावलं. मला खरं तर कसंतरी वाटत होतं, आईची आठवण घेऊन आलेल्या माणसाला दंतमंजन म्हणून कसं सांगायचं. सांगितलं. काका थोडा वेळ खुर्चीत बसून राहिले, मग स्वतःशीच ती चाल पुन्हा म्हटली, या वेळी शब्दांसकट, सगळे शब्द, दातांच्या किडीसकट, आणि खुदकन हसले. म्हणाले, "व्हय की ओ. त्येच. आईला तर आमच्या दातच नव्हतं." मग उठता उठता थांबले. "पण मॅडम, म्हटलंय कुणी ते? बाई होती ना?"

जाहिरातीत गाणाऱ्याचं नाव कुठं असतंय. मी फाइलमध्ये नवी ओळ घातली, पहिली ओळ लिहिली, राग: वाद चालू, ताल: केरवा, "लोक काय म्हणून मागतात" मध्ये आईच्या भाकरीच्या वेळचं, आणि गायकाचा रकाना मोकळा सोडला, हांवाली बाईच्या खालोखाल.

काकांनी वर्गणी विचारली, अनामत भरली, सभासद झाले. मी आशेनं संगीताच्या कपाटाकडं बघितलं. ते सरळ मागच्या खोलीत गेले आणि एक शिकारकथांचं पुस्तक घेऊन आले. ते अजून परत आलेलं नाही.